कोर्नरच्या वाटेवर सहा दिवस

२२ ऑगस्ट, ड्रेस्डेन

दोनेक वर्षांपूर्वी पुण्यात शूबर्टच्या गाण्यांचा एक घरगुती कार्यक्रम होता. श्रोत्यांच्या हातात द्यायला गाण्यांचे मराठी अर्थ हवे होते. निवृत्त भाषांतरकाराकडे अशी कामं येतच असतात, पैसे मात्र येत नाहीत. त्यात एक गाणं होतं, ऐन लढाईत केलेली प्रार्थना. 'बापा, तुला हाक मारतोय' अशी तिची सुरुवात. कवीच्या नावापुढे सालं होती: १७९१ ते १८१३. वजाबाकी करून पाहिली तर बावीस. मग शोधलं तेव्हा कळलं की जन्म २३ सप्टेंबरचा आणि मृत्यू २६ ऑगस्टचा. म्हणजे बावीसही पुरी झाली नव्हती.

थिओडोर कोर्नर. पुण्यात आम्ही जर्मन शिकलो तेव्हा हे नाव कुणी घेतलं नव्हतं, आणि त्याचं कारण आता थोडंफार समजतं. त्याबद्दल पुढे येईलच. भाचा ड्रेस्डेनला इलेक्ट्रॉनिक चिप्सवर शिकतोय. त्याला म्हटलं, हा तुझ्या गावचा मुलगा. तो म्हणाला, "मावशी, त्याच्या नावाचा स्टॉप आहे, तेवढाच मला माहीत."

तो स्टॉप म्हणजे लॉश्विट्झमधला कोर्नरप्लाट्झ, आणि तो या मुलाच्या नावाचा नसून वडिलांच्या नावाचा आहे. उद्या तिथेच जायचंय.

आज आधी पुतळा पाहिला. गेओर्गप्लाट्झवर, १८७१ साली बसवलेला, एर्न्स्ट हेनेलचा. सैनिकी पोशाखातला देखणा तरुण, छातीशी तलवार. मागे एकेकाळी शाळा होती, ती १९४५ च्या बॉम्बवर्षावात गेली. पुतळा राहिला. नदीपलीकडे नॉयश्टाटमध्ये त्याचं जन्मघर होतं. १८७५ मध्ये तिथे त्याच्या नावाचं संग्रहालयही झालं होतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये तेही गेलं. त्या भागात आम्ही तासभर उगाच हिंडलो. जे घर नाही ते बघायला सात हजार किलोमीटर आलो, असं भाच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

पण घर काय होतं! वडील ख्रिस्टियान गोटफ्रीड कोर्नर, पेशाने कायदेपंडित, कवी-नाटककार शिलरचे जिवलग मित्र. आई मिन्ना. मावशी डोरा श्टोक चित्रकार. १७८९ मध्ये मोत्सार्ट ड्रेस्डेनला आला असताना या डोरामावशीने त्याचं छोटंसं चित्र काढलं, चांदीच्या टोकाच्या लेखणीने. बहीण एम्मा, तीही चित्रकार. अशा घरात पोराने कविता केल्या नसत्या तरच नवल.

आणखी एक गोष्ट पुतळ्यापाशी लक्षात ठेवायला हवी. सॅक्सनीचा राजा तेव्हा नेपोलियनच्या बाजूने होता. म्हणजे हा मुलगा पुढे ज्या फौजेशी लढला, तिच्यात त्याच्या स्वतःच्या राजाचे शिपाई होते. आणि तो मेला त्याच दिवशी, २६ ऑगस्टला, त्याच्या गावाभोवती तोफा सुरू झाल्या. दोन दिवसांची ड्रेस्डेनची लढाई. ती नेपोलियनने जिंकली.

२३ ऑगस्ट, लॉश्विट्झ आणि फ्रायबेर्ग

सकाळी ट्रामने एल्बेकाठी. निळा लोखंडी पूल ओलांडला की कोर्नरप्लाट्झ, आणि तिथून चढावर द्राक्षमळ्यातलं ते छोटं घर, जिथे कोर्नरांनी शिलरला ठेवून घेतलं होतं. १७८५ मध्ये शिलर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर कर्ज होतं. कोर्नरांनी ते निस्तरलं, लिहायला जागा दिली, आणि तो 'डॉन कार्लोस'वर काम करू लागला. घर म्हणजे एक खोली. आमच्या वाड्यातलं माळवद याहून मोठं होतं.

थिओडोर तेव्हा जन्मलाही नव्हता. पण मला इथे बापाचाच विचार येत राहिला. शिलर १८०५ मध्ये वारला. त्याचं समग्र साहित्य पहिल्यांदा एकत्र करून छापण्याचं काम या मित्राने हाती घेतलं. ते काम चालू असतानाच मुलगा गेला, आणि १८१४ मध्ये त्याने मुलाच्या युद्धकविता छापल्या: 'लायर उंड श्वेर्ट', वीणा आणि तलवार. मित्राची हस्तलिखितं आणि मुलाची हस्तलिखितं एकाच टेबलावर असतील का?

दुपारी फ्रायबेर्ग. हे चांदीच्या खाणींचं गाव. इथलं खाणविद्यापीठ १७६५ पासूनचं, निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट आणि कवी नोव्हालिस दोघंही इथे शिकलेले. सोळा वर्षांचा थिओडोर १८०८ मध्ये इथे आला, भूशास्त्रज्ञ वेर्नरकडे शिकला, खाणीत उतरला, खाणकामगारांवर कविता केल्या. दोन वर्षांनी कंटाळला. मग लाइपझिगला गेला. तिथे द्वंद्वयुद्धं, भानगडी, आणि शेवटी विद्यापीठातून हकालपट्टी. मग बर्लिन. तिथे आजारी पडला. मग १८११ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्ना.

"म्हणजे तीन कॉलेजं आणि डिग्री एकही नाही," भाचा म्हणाला. त्याला एकदम हा माणूस आवडायला लागला.

फ्रायबेर्गचं खनिज संग्रहालय सुंदर आहे, पण त्यावर मी लिहिणार नाही. भाच्याने दोन तास घेतले आणि मी बाहेर बाकावर बसून पाय चोळत राहिले.

२४ ऑगस्ट, लाइपझिग

गाडीत भाच्याला व्हिएन्नाची कथा सांगितली, कारण आमच्या प्रवासात व्हिएन्ना नव्हतं. दीड वर्षात या मुलाने डझनभराहून जास्त नाटकं लिहिली. विनोदी, करुण, जे येईल ते. 'झ्रिनी' नावाचं नाटक गाजलं. तुर्कांविरुद्ध सिगेटचा किल्ला लढवत मरणाऱ्या सरदाराचं. आपल्याकडे पावनखिंड जशी, तसा तो विषय. १८१३ च्या जानेवारीत त्याला दरबारी नाट्यगृहाचा नाटककार म्हणून नेमलं. पगार ठरला, नट-नट्या हाताशी, आणि टोनी आडामबेर्गर नावाच्या अभिनेत्रीशी वाङ्निश्चय. ही टोनीही साधीसुधी नव्हे. १८१० मध्ये महाकवी गटेच्या 'एग्मोन्ट' नाटकाला बेथोव्हेनने संगीत दिलं तेव्हा क्लेर्शेनची भूमिका तिची होती.

म्हणजे एकविसाव्या वर्षी सगळं जमून आलेलं. आणि १० मार्चला त्याने वडिलांना पत्र लिहिलं की जर्मनी उठते आहे आणि मला सैनिक व्हायचंय. वडिलांनी अडवलं नाही. मला वाटतं मी अडवलं असतं.

तो गेला ल्युत्सो या प्रशियाच्या सेनाधिकाऱ्याच्या स्वयंसेवक पथकात. प्रशियाच्या सरकारकडे गणवेशाला पैसे नव्हते. पोरं घरचे कोट घेऊन आली. वेगवेगळ्या रंगांचे कपडे एकसारखे करायचे तर एकच उपाय, सगळे काळ्या रंगात बुडवायचे. त्यावर लाल पट्ट्या आणि पितळी बटणं. आजच्या जर्मन झेंड्याचे काळा, लाल, सोनेरी रंग या कोटांशी जोडले जातात. या पथकात विद्यार्थी होते, चित्रकार होते, कवी होते. एलेओनोरे प्रोखास्का नावाची एक मुलगी पुरुषाच्या वेशात होती. तिचं मुलगी असणं ती जखमी झाली तेव्हाच कळलं.

२४ एप्रिलला इथे लाइपझिगमध्ये कोर्नरने पथकाचं गाणं लिहिलं, 'ल्युत्सोची रानटी शिकार'. पुढच्या वर्षी संगीतकार वेबरने त्याला चाल लावली आणि गावोगावच्या पुरुषांच्या गायनमंडळांनी ते उचललं. गाणं घोड्याच्या टापांवर चालतं. मोठ्याने म्हणून पाहिलं तर पाय हलायला लागतात, आणि तेवढ्यावर ते संपतं.

एक किस्सा त्या काळच्या आर्न्ट या लेखकाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. त्या एप्रिलमध्ये गटे ड्रेस्डेनला कोर्नरांच्या घरी आला होता. बाप मोठ्या उमेदीने बोलत होता. गटे वैतागून म्हणाला, हलवा हलवा तुमच्या साखळ्या, तो माणूस, म्हणजे नेपोलियन, तुम्हाला झेपणारा नाही. सहा महिन्यांत याच लाइपझिगबाहेर नेपोलियन हरला. गटे चुकला, पण कोर्नरांचा मुलगा ते बघायला नव्हता.

दुपारी ट्रामने शहराच्या नैर्ऋत्येला ग्रोसचोखर. मला खरं यायचं होतं ते इथे.

४ जूनला तह झाला होता, तात्पुरती युद्धबंदी. ल्युत्सोचं घोडदळ शत्रूच्या मुलखात अडकलेलं, परत निघालेलं. १७ जूनला किट्झेन गावाजवळ फ्रेंच आणि वुर्टेमबर्गच्या घोडदळाने त्यांना गाठलं. बोलणी चालू असताना हल्ला झाला. 'युद्धबंदी सगळ्यांना, तुम्हाला नाही,' असं फ्रेंच सेनापती म्हणाल्याचं सांगतात. पुढे गेलेल्या कोर्नरच्या डोक्यावर तलवारीचे वार बसले. घोड्याने त्याला कसंबसं बाहेर काढलं, आणि रात्री तो या ग्रोसचोखरच्या रानात पडून राहिला. आपण सकाळ बघणार नाही याची त्याला खात्री होती. त्या अवस्थेत त्याने एक सुनीत रचलं, 'जीवनाचा निरोप'.

पहिली ओळ अशी: जखम जळते आहे, फिकट ओठ थरथरताहेत. मी अजून या 'थरथरताहेत'वर समाधानी नाही. मूळ क्रियापद 'बेबेन'. भूकंपालाही जर्मनमध्ये हाच शब्द लागतो. मराठीत ओठ रागाने थरथरतात, थंडीने कापतात, लहान मुलाचे रडण्याआधी फुरफुरतात. रक्त गेल्यावर ओठांचं काय होतं?

या चौदा ओळींत आरोळी नाही. शत्रूचं नावही नाही. एक तरुण माणूस अंधारात आपल्या हृदयाचे ठोके मंद होताना ऐकतोय आणि ज्याच्यावर प्रेम केलं त्याला स्वातंत्र्य म्हणू की प्रेयसी, असं काहीसं मनाशी म्हणतोय. त्याचं बाकी सगळं साहित्य एका पारड्यात टाकलं तरी मी हेच उचलीन.

आणि गंमत म्हणजे तो मेला नाही! खेडुतांना सापडला, लपवून ठेवला गेला, चोरून लाइपझिगला नेऊन त्याच्यावर उपचार झाले, पुढे कार्ल्सबादला जाऊन बरा झाला. मरणावरची आपली सगळ्यात चांगली कविता लिहून झाल्यावर त्याला दहा आठवडे मिळाले. भाचा म्हणाला, "मग परत व्हिएन्नाला का नाही गेला?"

एल्स्टर नदीकाठचं ते रान अजून आहे. ओलसर, दाट. संध्याकाळी डास एवढे की आम्ही अक्षरशः पळत सुटलो.

२५ ऑगस्ट, बर्लिन

इथे थांबलो ते एका चित्रासाठी. जुन्या राष्ट्रीय चित्रदालनात केर्स्टिंगचं १८१५ चं चित्र आहे, 'पहाऱ्यावर'. ओकच्या रानात काळ्या कोटातले तिघं: हार्टमान, कोर्नर, फ्रीझेन. केर्स्टिंग स्वतः त्याच पथकात होता, आणि चित्र काढलं तेव्हा तिघंही गेलेले होते. चित्रात काहीच घडत नाही. तिघं वाट बघताहेत. जोडीला दुसरं चित्र: पांढऱ्या झग्यातली मुलगी बसून ओकच्या पानांचा हार गुंफतेय, आणि झाडांच्या खोडांवर तिघांची नावं कोरलेली. पहिल्या चित्रापुढे मी बराच वेळ उभी होते, दुसऱ्यापुढे कमी. दुसरं फार नेटकं आहे.

बाहेर स्प्रे नदीच्या कठड्यावर बसून भाच्याला ते सांगितलं, ज्यामुळे आमच्या शिक्षकांनी कोर्नरचं नाव घेतलं नसावं.

१८ फेब्रुवारी १९४३. याच बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये गोबेल्सने 'सर्वंकष युद्ध हवंय का' असं विचारणारं ते कुप्रसिद्ध भाषण केलं. शेवटचं वाक्य: आता लोकहो उठा, आणि वादळा, सुटू दे! हे वाक्य कोर्नरचं. त्याच्या एका कवितेची सुरुवात आहे, 'लोक उठताहेत, वादळ सुटतंय'. गोबेल्सने फक्त आज्ञार्थ केला.

त्याच दिवशी, त्याच १८ फेब्रुवारीला, म्युनिकच्या विद्यापीठात हान्स आणि सोफी शोल ही भावंडं हिटलरविरोधी पत्रकं टाकताना पकडली गेली. 'श्वेत गुलाब' गटाचं ते सहावं पत्रक. त्या पत्रकाच्या शेवटाकडे अवतरणात एक ओळ आहे: ऊठ माझ्या लोका, आगीचे इशारे धुमसताहेत. ही ओळही कोर्नरची. चार दिवसांनी दोघांचा शिरच्छेद झाला. सोफी एकवीस वर्षांची होती.

भाच्याने फोनवर तारीख दोनदा तपासली. मग म्हणाला, "खरा कुणाच्या बाजूचा होता तो?" मी म्हटलं, नेपोलियनच्या विरुद्ध बाजूचा. याहून जास्त मला सांगता येत नाही. त्याच्या कवितांत स्वातंत्र्य आहे आणि रक्ताची तहानही आहे, दोन्ही भरपूर. पूर्व जर्मनीच्या सैन्यानेही पुढे त्याच्या नावाचं बक्षीस ठेवलं होतं. आरोळी कुणाच्याही तोंडात बसते. ग्रोसचोखरचं सुनीत मात्र कुणी भाषणात वापरल्याचं माझ्या वाचनात नाही.

संध्याकाळी श्वेरीनची गाडी रद्द. रुळांचं काम. मग बस, मग दुसरी गाडी, मग पुन्हा बस. रात्री साडेअकराला हॉटेल, आणि जेवण म्हणजे पुण्याहून आणलेल्या दशम्या.

२६ ऑगस्ट, ल्युत्सो आणि रोझेनोव्हचं रान

पहाटे उठून निघायचा बेत होता, उठलो नऊला. श्वेरीनहून गाडेबुशकडे छोटी गाडी जाते आणि वाटेत चक्क ल्युत्सो नावाचं स्टेशन लागतं. सेनापतीचं नाव आणि गावाचं नाव सारखं. भाच्याने पाटीसोबत फोटो काढून घेतला.

जवळच गोटेसगाबे नावाचं गाव आहे. १८१३ च्या २५ ऑगस्टची रात्र कोर्नर आणि त्याच्या सोबत्यांनी तिथल्या वाड्यात काढली. गोटेसगाबे म्हणजे देवाची देणगी. थिओडोर या ग्रीक नावाचा अर्थही तोच. आपल्याकडे देवदत्त म्हणतो, तसं. देवदत्ताने शेवटची रात्र देवदत्तपूरला काढली म्हणायचं. कुणा कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर मी समासात फुली मारली असती.

मरणाच्या काही तास आधी त्याने 'तलवारीचं गाणं' लिहून पुरं केलं. तलवार ही नवरी आणि शिपाई हा नवरदेव, प्रत्येक कडव्याच्या शेवटी हुर्रा, आणि त्यावर तलवारी खणखणवायच्या. मला ते वाचताना अवघडल्यासारखं होतं. व्हिएन्नात खरीखुरी मुलगी वाट बघत असताना हा इथे लोखंडाशी लग्न लावतोय. टोनीने पुढे १८१७ मध्ये लग्न केलं, आर्नेट नावाच्या नाणेसंशोधकाशी, आणि तिचा मुलगा मोठा इतिहासकार झाला. मला ते कळल्यावर फार बरं वाटलं होतं.

सकाळी फ्रेंचांच्या पुरवठ्याच्या गाड्यांचा तांडा येत होता, त्यावर यांनी झडप घातली. गाड्या हाती आल्या, पण सोबतचे शिपाई रानात शिरून गोळ्या झाडू लागले. कोर्नर ल्युत्सोचा सहायक अधिकारी होता. तो त्यांच्या मागे गेला. एक गोळी पुरली. एवढंच. ही काही मोठी लढाई नव्हती. पुरवठ्याच्या गाड्यांवरून झालेली झटापट.

स्मारकाचा दगड रानात आहे. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कुणीतरी आधी येऊन गेलं होतं, एक ताजी फुलांची जुडी होती. वर पाइनच्या झाडांत वारा, आणि पलीकडे हमरस्त्यावरून ट्रक जात होते. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी याच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, मावशी."

२७ ऑगस्ट, वोबेलिन

मित्रांनी त्याचं प्रेत दक्षिणेला वोबेलिन गावी आणलं, तिथे पथकाची छावणी होती, आणि २७ तारखेला ओकच्या झाडाखाली पुरलं. आम्हीही २७ लाच आलो. तारीख जुळवली नव्हती, पण बरं वाटलं. लुडविग्सलुस्टहून टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने विचारलं, कुणी नातेवाईक होते का छावणीत? मला क्षणभर कळेना तो कुठल्या छावणीबद्दल बोलतोय.

स्मारकाच्या आवारात आलं की आधी कोर्नरांचं कुटुंब भेटतं. १८१४ मधलं ओतीव लोखंडाचं स्मारक, त्यावर वीणा आणि तलवार. शेजारी एम्मा. भावाचं गणवेशातलं चित्र तिने १८१३ मध्येच काढलं होतं. १८१५ मध्ये तीही गेली, सत्तावीसही पुरी नव्हती. मग १८३१ मध्ये बाप, १८३२ मध्ये डोरामावशी, १८४३ मध्ये आई. ड्रेस्डेनचं ते घर एकेक करून इथे आलं. मिन्नाबाई दोन्ही मुलांच्या मागे जवळजवळ तीस वर्षं जगल्या. पुतळे मुलाचे झाले, पण मी वाकून हात लावला तो तिच्या दगडाला.

आणि याच आवारात दुसऱ्या कबरी आहेत.

फेब्रुवारी १९४५ मध्ये वोबेलिनजवळ नॉयेनगामे छळछावणीची शाखा उघडली. इतर छावण्या रिकाम्या करून हजारो कैदी इथे कोंबले. अर्धवट बांधलेल्या बराकी, पाण्याचा पत्ता नाही, अन्न नाही. दहा आठवड्यांत हजारहून जास्त माणसं मेली, बहुतेक भुकेने. २ मे १९४५ ला अमेरिकन सैन्य पोचलं तेव्हा त्यांनी आसपासच्या गावकऱ्यांना बोलावून प्रेतं दाखवली, आणि लुडविग्सलुस्टमध्ये राजवाड्यासमोर, श्वेरीनमध्ये, हागेनोमध्ये आणि इथे, कोर्नरच्या शेजारी, पुरायला लावली.

नाझींनी १९३८ मध्ये इथे कोर्नरचं संग्रहालय उघडलं होतं, शाळकरी पोरांना आणून तलवारीच्या कविता ऐकवायला. आज त्याच जागी दोन्ही गोष्टी मांडल्या आहेत: एका बाजूला कवी, दुसऱ्या बाजूला छावणी. तिथल्या बाईंना विचारलं, लोक कशासाठी येतात? त्या म्हणाल्या, आधी म्हातारे कोर्नरसाठी यायचे. आता शाळा छावणीसाठी येतात, आणि कोर्नर दिसला की मुलं विचारतात हा कोण.

मी कवीच्या बाजूला फार वेळ काढला नाही. कपाटातल्या वस्तू बघण्याजोग्या असतील, पण दुसऱ्या बाजूला नावांच्या याद्या होत्या, पोलिश, रशियन, फ्रेंच, डच नावं, आणि मी त्या वाचत राहिले. वयं लिहिली होती तिथे वयंही.

परतीच्या बसला चाळीस मिनिटं होती. थांब्यावर सावली नव्हती. वही काढून मी ती ओळ पुन्हा लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. भाचा खांद्यावरून बघत होता.

"अजून तेच?"

"ओठांपाशी अडलंय. थरथरतात की कापतात?"

"रक्त गेलं होतं ना खूप? आणि रात्री रानात, ओल्यात?"

"हो."

"मग थंडी वाजत असणार गं त्याला."

मी 'थरथरताहेत' खोडलं आणि 'कापताहेत' लिहिलं.